अक्षर छान असलेल्या मुलीच्या हातात पाना द्या : सोलापुरातल्या नव्या विज्ञान शिक्षकांसाठी

आठवीचा प्रयोगाचा तास. पाच-पाच जणांचे गट. दोन मुलगे चंबू कुणी धरायचा यावरून भांडतायत, तिसरा बर्नरची चावी फिरवून बघतोय आणि दोन मुली बाकाच्या कडेला वही उघडून बसल्यात. समास आखून झाला, 'साहित्य' आणि 'कृती' लिहून झालं, आकृतीसुद्धा काढून झाली. प्रयोग अजून व्हायचाच आहे! तुम्ही का लिहिताय असं विचारलं तर मुलगे आणि मुली दोघंही एकच उत्तर देतात : "तिचं अक्षर छान आहे, बाई."

या वर्षी नव्यानं रुजू झालेले विज्ञान शिक्षक, शाळेत स्वेच्छेनं शिकवायला येणारी इंजिनिअरिंगची मुलं-मुली आणि 'आमच्या शाळेत काहीतरी सुरू करा' म्हणणारे पालक यांच्यासाठी हे लिहिते आहे. मुलींना विज्ञानाची गोडी लावा, असं सगळे सांगतात. माझा अनुभव असा की गोडी असतेच. वस्तू हातात येत नाही, शाळा सुटल्यावर थांबायला वेळ मिळत नाही आणि घरातून परवानगी मिळत नाही. या तीन गोष्टींची व्यवस्था लावणं हेच आपलं काम. प्रेरणादायी भाषणं त्यानंतर, वेळ उरला तर.

पायरी १ : आधी नुसतं बघा

पहिले काही तास काहीच बदलू नका. एका कागदावर वर्गाचा नकाशा काढा आणि खुणा करत जा. साहित्याला कुणाचा हात लागला, वही कुणी लिहिली, प्रश्न तुम्ही कुणाला विचारला, उत्तर मध्येच कुणी तोडलं. तिसरी खूण प्रामाणिकपणे करा, कारण ती तुमच्याबद्दल आहे. "सांगा बरं, विजेरीतला विद्युतप्रवाह कुठून कुठे?" असं विचारून आपण नकळत जो हात आधी वर येतो त्याच्याकडे वळतो.

अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबलं, तर एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात आणि उत्तरंही लांब, विचार करून दिलेली येतात. हा उपाय फुकट आहे. मनातल्या मनात 'एक सोलापूर, दोन सोलापूर, तीन सोलापूर' म्हणा आणि मगच नाव घ्या. सुरुवातीला ही शांतता फार अवघड वाटते.

पायरी २ : गटातली कामं वाटून द्या, आणि फिरवा

गटात चार कामं ठेवा : हाताळणारी, मोजणारी, लिहिणारी आणि शंका काढणारी. पुठ्ठ्याचे बिल्ले करून गळ्यात घाला. पोरकट वाटलं तरी नववीपर्यंत चालतं. प्रत्येक प्रयोगाला बिल्ला बदलायचा. अक्षर छान आहे ही सबब ऐकून घ्यायची नाही. ज्याचं अक्षर वाईट आहे त्यालाच लिहायला लावा, त्याचंही सुधारेल.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही. "दे इकडं, तुला नाही जमायचं" हे वाक्य वर्गात उच्चारायला बंदी. ही बंदी शिक्षकांनाही लागू आहे. मुलीला स्क्रू पिळताना अर्धा मिनिट जास्त लागलं की आपलाच हात पुढे जातो. खिशात ठेवा.

मुली आणि मुलगे एकत्र ठेवावेत की वेगळे? पाचवी ते सातवीला एकत्र ठेवा, बिल्ल्यांनी काम भागतं. आठवी-नववीत पहिल्या सत्रात मुलींचे वेगळे गट करावेत आणि हात सरावले की मिसळावेत, असं माझं मत आहे. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. करून बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

सुरक्षेचं थोडक्यात. वेणी बांधलेली, ओढणी पिनेनं खोचलेली, पायात चप्पल, आणि बर्नरची चावी सोडण्याआधी पेटलेली काडी. ओढणीचं कारण सांगून मुलींना बर्नरपासून लांब बसवणं मात्र बंद करा. ओढणीला पीन लावायला दहा सेकंद लागतात.

पायरी ३ : पहिला प्रयोग घरातल्या मागावरचा

नव्या माणसाला वाटतं की तंत्रज्ञान म्हणजे रोबोट, आणि रोबोटचा संच घ्यायला पैसे नाहीत म्हणून सगळंच अडतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत कान द्या, यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येईल. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डवर, म्हणजे भोकांच्या पुठ्ठ्यांवरून धागे उचलणाऱ्या यंत्रावर, विणली जाते, आणि संगणकाच्या इतिहासातला एक मोठा टप्पा त्याच यंत्रातून गेलेला आहे. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या घरातलं कुणी ना कुणी या धंद्यात असेल. वडील मागावर, आई कांड्या भरायला, काका डाईंगला. इथूनच सुरुवात करा.

ओळखीच्या कारखान्यातून जेकार्डचे जुने, फाटके पुठ्ठे मागून आणा. भोकं पाडलेले लांबट पुठ्ठे, दोरीनं एकमेकांना ओवलेले. वर्गात नुसते फिरवा आणि काही सांगू नका. ज्या मुलीचे वडील मागावर आहेत ती आपणहून बोलायला लागते, आणि त्या दिवशी वर्गातली तज्ज्ञ ती असते. तिला बोलू द्या.

मग आलेखाच्या कागदावर बारा गुणिले बारा चौकटी आखा आणि त्यात नक्षी काढा. फूल, मोर, स्वतःच्या नावाचं आद्याक्षर, काहीही चालेल. काही चौकटी काळ्या करायच्या, काही मोकळ्या ठेवायच्या. एक आडवी ओळ म्हणजे एक पुठ्ठा. काळ्या चौकटीला भोक, मोकळ्या चौकटीला भोक नाही. जेकार्डमध्ये जिथे भोक असतं तिथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला हूक ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलतो. जिथे भोक नाही तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो आणि धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन जातो. मग पुढचा पुठ्ठा.

आता कागदावर विणायचं. काळ्या कागदाच्या बारा उभ्या पट्ट्या हा ताणा, पांढऱ्या बारा आडव्या पट्ट्या हा बाणा. एक मुलगी पुठ्ठा वाचते : "भोक, भोक, नाही, भोक..." दुसरी नक्षी न बघता फक्त ऐकून पट्टी वर-खाली करत विणते. सगळ्या ओळी झाल्या की कागदावर मोर उमटतो, किंवा मानेजवळ तुटलेला मोर उमटतो. तुटला तर जास्त चांगलं. कोणत्या ओळीत चूक झाली, वाचणारीची की विणणारीची, की मुळात पुठ्ठाच चुकला होता? संगणकाची आज्ञावली लिहिणारे लोक दिवसातला बराच वेळ हेच शोधत बसतात.

एखादी चुणचुणीत मुलगी अडवतेच : "बाई, एवढा मोकळा धागा राहिला तर खऱ्या चादरीत तो अडकून ओढला जाणार नाही का?" बरोबर आहे तिचं. म्हणूनच खऱ्या कापडात नक्षीच्या मध्ये-मध्ये धागा खाली-वर करून बांधून घ्यावा लागतो आणि पुठ्ठा आपल्या कागदापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा होतो. अशी शंका आली की तास यशस्वी झाला समजा. तो प्रश्न तिच्या नावासकट फलकावर लिहा.

यानंतर गोष्ट सांगा. फ्रान्समधल्या लिऑन शहरात जोसेफ मारी जाकार यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणलं. भोकांच्या पुठ्ठ्यांची हीच कल्पना इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलली. त्या यंत्रावर एदा लवलेस या बाईंनी १८४३ मध्ये सविस्तर टिपा छापल्या आणि यंत्रानं गणित टप्प्याटप्प्यानं कसं सोडवायचं ते मांडून दाखवलं. पुढे अमेरिकेतल्या १८९० च्या जनगणनेची मोजदाद भोकांच्या कार्डांवर झाली. भोक आणि बिनभोक, म्हणजेच एक आणि शून्य. मुलींच्या घरी कुणी 'कॉम्प्युटर आपलं काम नाही' म्हणालं, तर आता त्यांच्याकडे उत्तर आहे.

दुसरा प्रयोग पाण्याचा करा. पाणी भरणं हे आपल्याकडे बहुतेक घरांत मुलींच्या वाट्याला येतं, त्यामुळे पाण्याबद्दल त्यांना मुलग्यांपेक्षा जास्त माहिती असते. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, केस चिकट होतात, भांड्यावर पांढरा थर बसतो, हे त्या स्वतः सांगतील. नळाचं, बोअरचं आणि जारचं असं तीन बाटल्यांत ५०-५० मिली पाणी घ्या. साबण किसून त्याचं द्रावण करा. साबण म्हणजे वडी. धुण्याची पावडर घेतलीत तर प्रयोग फसतो, कारण डिटर्जंट जड पाण्यातही फेस देतो. थेंब-थेंब द्रावण घालून बाटली हलवायची आणि मिनिटभर टिकणारा फेस येईपर्यंत किती थेंब लागले ते मोजायचं. मग बोअरचंच पाणी दहा मिनिटं उकळून, गार करून, गाळून पुन्हा तेच करायचं. थेंब कमी लागले तर तेवढा जडपणा बायकार्बोनेटचा होता, उकळताना तो कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसला. तोच तो पांढरा थर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. गल्लोगल्लीचे नमुने आणून मुलींनी नकाशा केला, तर तो प्रदर्शनात ठेवण्याजोगा प्रकल्प होतो.

पायरी ४ : घराशी बोलणं

इथे बहुतेक नवे शिक्षक हात टेकतात. विज्ञान मंडळ शनिवारी दुपारी ठेवलं, पहिल्या आठवड्याला वीस मुली आल्या आणि तिसऱ्या आठवड्याला पाच, तर मुलींना रस नाही असा निष्कर्ष काढू नका. आधी विचारा. त्या वेळी घरी पाणी येतं का? धाकट्या भावंडाला कोण सांभाळतं? आईचा विड्यांचा हिशेब पुरा व्हायला पानं कापून द्यायला हात लागतो का? चार-पाच दिवसांनी नळ येतो त्या दिवशी मोठ्या मुलीला कुणी शाळेत थांबू देणार नाही, आणि त्यात त्या आईची चूक नाही. मंडळाची वेळ मुलींनाच ठरवू द्या. बहुतेक वेळा शाळा सुटल्यावरचा तास निघत नाही, मधल्या सुट्टीआधीचा निघतो. मग वेळापत्रकासाठी मुख्याध्यापकांशी भांडावं लागलं तर भांडा.

आईला भेटायला चिठ्ठी पाठवू नका, स्वतः जा. पूर्व भागात बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, इतरत्र कन्नड, उर्दू. तुम्हाला येत नसेल तर वर्गातली मुलगीच दुभाषी होते, फक्त ती तुमच्या वाक्यात स्वतःचं काही घालत नाही ना एवढं बघा. विज्ञानाचं महत्त्व वगैरे सांगत बसू नका. आईचे प्रश्न ठरलेले असतात. किती वाजता सुटणार? सोबत कोण? पैसे किती? तिन्हींची उत्तरं एका दमात द्या : "अक्का, साडेपाचला सुटणार, गल्लीतल्या चौघी मिळून येणार, पैसा एक लागणार नाही." आणि साडेपाच म्हणजे साडेपाच. एकदा सहा वाजले की पुढच्या आठवड्यात ती मुलगी येत नाही.

वडिलांना कार्यक्रमाला बोलवा, पण पाहुणे म्हणून नको. मागाचा पुठ्ठा समजावून सांगायला बोलवा. मुलगी बापाला प्रश्न विचारते आणि बाप वर्गासमोर उत्तर देतो, यानंतर परवानगीचा विषय पुन्हा निघत नाही.

आणि स्वच्छतागृह. पाणी आहे का, आतून कडी लागते का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, हे जादा तास सुरू करण्याआधी बघा. तीन तास पाणी न पिता बसलेली मुलगी प्रयोग कशी करणार?

पायरी ५ : काम करणाऱ्या बायका दाखवा

मुलांना 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' असं सांगून बघा. कॅनडा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलांकडून अशी चित्रं काढून घेऊन डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये निष्कर्ष छापले. ४,८०७ चित्रांपैकी फक्त २८ चित्रांत बाई होती, आणि ती सगळी मुलींनी काढलेली. तुमच्या वर्गाचा आकडा तुम्ही काढा, पहिली चित्रं जपून ठेवा आणि वर्षअखेरीस पुन्हा काढायला लावा.

भिंतीवर कल्पना चावलाचा फोटो असतोच. असू दे. पण अंतराळ फार लांब आहे. जवळचं उदाहरण सांगायचं तर सोलापूर स्टेशनवरून सांगा. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला गेलेली वंदे भारत सुरेखा यादव यांनी चालवली. ही गाडी चालवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सातारा जिल्ह्यातल्या सुरेखाताईंनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता. मुली लगेच विचारतात, डिप्लोमा म्हणजे दहावीनंतर की बारावीनंतर? तिथून पायरी ७ सुरू होते.

पाहुण्या बाई बोलवायच्या असतील तर पॅथॉलॉजी लॅबमधली तंत्रज्ञ, महावितरणची कर्मचारी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी अशा कुणाला बोलवा. अट एकच, भाषण नको, हत्यार आणा. मल्टिमीटर, सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी, टेस्टर, जे असेल ते, आणि ते प्रत्येक मुलीच्या हातात गेलंच पाहिजे. आपल्याला अभ्यासात काय जड गेलं हेही त्यांना सांगायला लावा. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट सांगतानाही तेच करा. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी नकार दिला, हा भाग गाळू नका. त्या अडून बसल्या, प्रवेश मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी झाली.

सहलीला पुणे रोडची एकच फेरी पुरते. केगावला सोलापूर सायन्स सेंटर आहे, तिथे उपकरणं हाताळायला मिळतात. त्याच भागात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि विद्यापीठही. संशोधन केंद्राला आधी पत्र देऊन विचारा. ज्यांच्या घरी डाळिंबाची बाग आहे त्या मुलींकडून तेल्या रोगावरचे प्रश्न लिहून घ्या. त्या प्रश्नांपुढे शहरातल्या मुली गप्प होतात.

पायरी ६ : स्पर्धा निवडून

प्रदर्शनात थर्माकोलचा ज्वालामुखी आणि दुकानातून आणलेला जलसंधारणाचा तयार देखावा पाठवू नका. बक्षीस मिळेलही, मुलगी काही शिकणार नाही.

इन्स्पायर-मानक या केंद्र सरकारच्या योजनेसाठी शाळेकडून कल्पना ऑनलाइन पाठवायच्या असतात, सहावीपासूनच्या मुलांच्या. निवड झाली तर प्रतिकृती करायला विद्यार्थ्याच्या बँक खात्यात १०,००० रुपये येतात, म्हणून खातं आधी उघडून ठेवा. शाळेला पाच कल्पना पाठवता येतात, आणि त्या कुणाच्या जातात ते स्टाफरूममध्ये ठरतं. तिथे तुम्ही हजर राहा. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी आहे, लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक असतं. बिल्ल्यांची सवय तिथे कामाला येते.

आठवीतली एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, मात्र सोडू नका. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मुलगी सरकारी, अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेत असेल, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दहावीनंतर 'आता बास' म्हणणाऱ्या घरात या पैशामुळे दोन वर्षं वाढतात.

पायरी ७ : दहावीनंतरचे कागद

मुलीचं गणित पक्कं असतं आणि प्रवेश अडतो दाखल्यावर. नववीच्या उन्हाळ्यातच पालकांना यादी द्या : उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, आधारशी जोडलेलं बँक खातं. आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव एकच आहे ना, हे अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्याकडच्या तेलुगू-कन्नड आडनावांची स्पेलिंगं प्रत्येक कागदावर वेगळी असतात, आणि दुरुस्तीला महिने जातात.

आई विडी कामगार असेल तर तिचं ओळखपत्र शोधून ठेवायला सांगा. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. डिप्लोमा किंवा डिग्रीला गेलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) 'प्रगती' शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपये आहे, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. राज्य सरकारनं २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घेतलेला असावा लागतो. कॉलेजच्या दारात थेट प्रवेश घेऊन बसलेल्या मुलीला हे मिळत नाही, आणि ही गोष्ट पालकांना जुलैत कळते. तुम्ही फेब्रुवारीत सांगा. खेड्यातून येणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पासही आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतला. तो शाळेच्या ऑफिसमधून निघतो आणि दर जूनला नव्यानं काढावा लागतो, म्हणून ऑफिसच्या भाऊसाहेबांशी जूनच्या पहिल्या आठवड्यातच बोलून ठेवा.